मामांच्या वाटणीचा मार

सुंदरबनात वाघाचं पोट माणसावर भरल्याच्या गोष्टी घरोघरी आहेत. माणसाचं पोट वाघावर भरल्याचं उदाहरण एकच, निबारण गायेन. जंगलाची देवी बनबीबी, तिच्या लोकनाट्याच्या खेळात तो वाघ व्हायचा. ऐन तारुण्यात अंगाला फासलेला पिवळा रंग केस पिकले तरी उतरला नव्हता. दरवर्षी तो दुःखे नावाच्या गरीब पोरावर झेप घ्यायचा, पोरगं टाहो फोडायचं आणि बनबीबी येऊन वाघाची खोड मोडायची. बनबीबी म्हणजे त्याची बायको, सुखलता.

"घरी काय नि मांडवात काय, शेवटचं वाक्य हिचंच," निबारण कुरकुरायचा.

खऱ्या वाघाला तिथं कुणी वाघ म्हणत नाही, मामा म्हणतात. पण मामा आता दिसेनासे झाले होते. खाडीच्या चिखलात पंजा उमटलेला नसायचा आणि लोक बिनधास्त जंगलात शिरून लाकूड तोडत.

"मामा गेले की झाडं जातील, मग वादळ थेट तुमच्या चुलीपाशी येऊन बसेल," निबारण सांगायचा.

"काकांना धंद्याची काळजी," लोक हसायचे.

अशात एका सकाळी मामा स्वतःच कालिपद सर्दारच्या गोठ्यात आले, शेळी खाल्ली आणि तिथंच पसरले. कालिपदनं बाहेरून कडी घातली. निबारण पोचला तेव्हा अंगणात सारा गाव काठ्या-कोयते घेऊन उभा होता. वनखात्याची लाँच निघाली होती, पण ओहोटीच्या चिखलात रुतली होती. भरती आल्याशिवाय ती हलणार नव्हती.

"कालिपद, लाँच येईपर्यंत दम धर."

"लाँच माझी गाभण शेळी परत आणणार आहे?"

"मग मामांना मारून येणार आहे?"

"काका, बाजूला व्हा. तुमचं त्यांचं नातं गावाला ठाऊक आहे."

कुणी ऐकेना. तेव्हा निबारण गोठ्याच्या दारातच मांडी घालून बसला आणि त्यानं बनबीबीची नांदी लावली. गावची रीत अशी, की नांदी झाली की हत्यार खाली ठेवायचं आणि देवीचा निवाडा होईपर्यंत जागचं उठायचं नाही. चरफडत का होईना, सगळे बसले.

"सकाळी सकाळी खेळ?" कालिपद म्हणाला.

"देवीला काय वेळ विचारून बोलावतात?"

निबारण एकटाच सगळी सोंगं करू लागला. दुःखेनं आईचा निरोप इतका लांबवला, की म्हाताऱ्या रडल्या, त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा रडल्या. सुखलता शेणाच्या हातांनीच धावत आली.

"आता येऊ नकोस. लाँच दिसली की ये," निबारण पुटपुटला.

"जन्मभर उशीर केला म्हणून बोललात, आणि आज हे?"

इतक्यात गोठ्यातून गुरगुर आली. लोक दचकले. निबारणनं लगेच तिच्यावर आपली गुरगुर चढवली. मागून एक म्हातारा म्हणाला, "आपल्या काकांचीच बरी. आतल्याच्या गळ्यात दम नाही."

तरी कालिपदचा धीर सुटलाच. तो काठी घेऊन अर्धा उठला.

"बरा उठलास. देवीचा भाऊ शाह जंगली होणारा गडी केरळात मजुरीला गेलाय. वाघाला बडवायचं काम त्याचं. आज तू कर," निबारण म्हणाला आणि ओणवा झाला.

कालिपद आयुष्यात कधी खेळात उभा राहिला नव्हता. मारण्याचं नुसतं सोंग करायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. "हा माझ्या शेळीसाठी" हे खेळात नसलेलं वाक्य तो प्रत्येक फटक्याला म्हणू लागला. निबारण दर फटक्याला खराखुरा ओरडला आणि लोकांनी वाहवा दिली. पण टाळी ही भलती चीज असते. ती कानात शिरली आणि कालिपदची नजर वाघावरून लोकांकडे वळली. छाती पुढे आली, काठी वर जास्त आणि खाली कमी येऊ लागली. शेवटी तर त्यानं एक उडी मारली.

तेवढ्यात लाँचचा भोंगा वाजला. सुखलता पदर खोचून पुढं आली. "भाऊ, काठी टाक," ती म्हणाली. "जंगल त्याचं, गाव तुमचं. त्याला त्याच्या घरी जाऊ द्या."

देवीचा भाऊ झाल्यावर बहिणीचा शब्द मोडतो कसा? कालिपदनं काठी टाकली. खात्याच्या लोकांनी मामांना गुंगीचं औषध देऊन पिंजऱ्यातून जंगलाकडे नेलं.

संध्याकाळी निबारण पालथा पडला होता आणि सुखलता त्याच्या पाठीला तेल चोळत होती. कालिपद दारात घुटमळला.

"फार लागलं का, काका?"

"छे, हलका हात तुझा."

"तसं नाही... ती शेवटची उडी मारली ना मी, ती मागच्या लोकांना दिसली असेल?"

"दिसली."

"मग यापुढं ते काम मलाच द्या की."

"देतो," निबारण कण्हत म्हणाला. "पण मामाच उरले नाहीत तर बडवशील कुणाला, एवढा विचार करून ठेव."

"आणि येताना काठी घरी ठेवून ये," सुखलता म्हणाली.