चारनंतर चालणारी चावी

आमच्या गाळ्यांच्या ओळीत सगळे त्याला करंट म्हणतात. गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो म्हणून नव्हे, बोलायला गेलं की झटका बसतो म्हणून. मी त्याच्या शेजारचा टायरवाला. बावीस वर्षं आमच्यात एक भिंत सामाईक आहे आणि तेवढीच काय ती सामाईक. आमच्यातून विस्तव जात नाही. खरं तर त्याच्याबद्दल कोणी मायेच्या माणसानं लिहायला हवं. असा माणूस मला सापडला नाही, म्हणून मीच लिहितो.

एक गोष्ट आधीच कबूल करतो, नाहीतर उद्या म्हणतील टायरवाल्यानं जळून लिहिलं. त्याच्या हाताला गुण आहे. चावीचं बटण दाबलं आणि गाडीचं एकही दार उघडलं नाही, की बाकीचे मिस्त्री आधी चावीतला सेल बदलतात, मग फ्यूज, मग दाराचं पॅड उचकटून आतली मोटर. करंट पहिल्यांदा ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागरीपाशी उकिडवा बसतो. दार आणि बॉडीच्या मध्ये रबराची एक नळी असते, तिच्यातून वायरी जातात. दिवसातून वीसदा दार उघडायचं, मिटायचं. वायर कधीतरी आत तुटणारच. तो नळी मागे सारतो, डोळे मिटतो आणि एकेक वायर दोन बोटांनी हलकेच ओढून बघतो. तुटलेली वायर ओढली की वरचं प्लॅस्टिक ताणलं जातं. मग तो गिऱ्हाइकाकडे बघतो ते अशा नजरेनं, की वायर त्या बिचाऱ्यानंच दातानं तोडली असावी.

ही युक्ती त्याच्या बापाची. पण तसं त्याच्या तोंडावर म्हणायची सोय नाही.

बाप म्हणजे आमचे काका. दुकान त्यांनीच टाकलेलं. मी इथे आलो तेव्हा माझ्याकडे एक जॅक आणि दोन पाने होते. मालक मला गाळा द्यायला तयार नव्हता. काका त्याला म्हणाले, "पोरगा तोंडाळ आहे, पण कामचुकार नाही. मी सांगतो ना." त्या एका वाक्यावर मला गाळा मिळाला. काका आणि त्यांचं कुटुंब दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहायचं, अजूनही राहतं.

सहा वर्षांपूर्वी करंटनं गाडीचा दोष दाखवणारं मशीन आणलं. पहिल्याच दिवशी मशीननं दाखवलं एक आणि काकांनी रबराच्या नळीत बोट घालून काढलं दुसरंच. वर चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "मशीनला विचारून झालं असेल तर आता बापाला विचार." लोक हसले. मीही हसलो, जरा मोठ्यानंच. करंटनं हातातली पक्कड जमिनीवर आपटली आणि म्हणाला, "उद्यापासून खाली उतरायचं नाही. उतरलात तर शटर पाडून निघून जाईन."

काका उतरले नाहीत. बाप तसा बेटा म्हणतात, इथे बेटा तसा बापही होता. एका घरात, एका ताटाच्या अंतरावर बसून दोघं जेवायचे आणि निरोप वहिनीच्या तोंडून जायचे. "त्यांना सांग, पंखा कमी करा." "त्याला सांग, पंखा माझ्या पैशाचा आहे." वहिनी, म्हणजे करंटची बायको, मला एकदा म्हणाली होती, "भाऊजी, मला वाटतं मी या घरातली वायर आहे."

गेल्या वर्षी काकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डावा हात तेवढा राहिला. मी बघायला गेलो तर करंट जिन्यात आडवा उभा. "इथे टायर बदलायचे नाहीत. पुन्हा जिन्यात दिसलास तर पाय मोडून हातात देईन." मी म्हटलं, "तुझ्या जिन्यावर थुंकायलाही येणार नाही." आणि मी शब्दाचा पक्का निघालो. त्याचा मला आता अजिबात अभिमान वाटत नाही.

वहिनी एका हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला. सकाळी आठला जाते, चारला परत येते. मधल्या वेळात काका वर एकटे, मुलगा खाली. म्हणून तिनंच हट्ट धरून बिनवायरची घंटा आणवली. बटण काकांच्या उशाशी आणि डबी खाली दुकानात, फळीवरच्या सॉकेटमध्ये. वर बटण दाबलं की खाली डबी वाजायची. घंटा कसली, वाढदिवसाच्या मेणबत्तीतून येते तसली किणकिणती धून. तोंडात टेस्टरची वायर धरून गाडीखाली झोपलेला हा दांडगा माणूस, आणि डोक्यावर ती नाजूक धून! मला आयतं कोलीत मिळालं. धून वाजली की मी भिंतीपलीकडून ओरडायचो, "साहेब, वरून बोलावणं आलं! पळा!" गिऱ्हाइकं हसायची. तो शिव्या देत वर जायचा, दोन मिनिटांत खाली यायचा. असं बरेच दिवस चाललं.

एके दिवशी धून बंद झाली. बघतो तर डबी फळीवर पालथी. मला वाटलं बिघडली असेल. खोटं कशाला बोलू, माझी करमणूक गेली याचंच मला वाईट वाटलं.

साधारण त्याच आठवड्यात मी नवा कॉम्प्रेसर घेतला. आणि त्याच सुमारास शाळेच्या मुख्याध्यापक बाई त्यांची पांढरी गाडी घेऊन करंटकडे आल्या. चावी चालत नव्हती. करंटनं बिजागरीपाशी बसून तुटकी वायर शोधली, जोडली, वरून टेप मारला. अर्ध्या तासाचं काम. बाईंनी दारातच चावी दाबून बघितली. काही नाही. पुन्हा दाबली. काही नाही. करंटनं सेल बदलला, फ्यूज बदलला, पॅड उघडून मोटर तपासली. सगळं ठीक आणि दार ढिम्म. वैतागून बाईंनी चावीचं लोखंडी पातं दारात घालून फिरवलं, तर भोंगा केकाटायला लागला आणि अख्खी ओळ बाहेर आली. बाई तशाच घरी गेल्या. संध्याकाळी त्यांचा फोन, इथे तर छान चालतंय.

दोन दिवसांनी दुसरी गाडी. मग तिसरी. मग जी गाडी नुसती हेडलाइट बदलायला आली होती, तिची चावीसुद्धा याच्या दारात येऊन मेली. गिऱ्हाइकं म्हणायला लागली, याच्याकडे गाडी नेली की धडधाकट गाडी आजारी पडते. बाई तिसऱ्यांदा आल्या तेव्हा तर सरळ म्हणाल्या, "माझ्या घरी चालते, शाळेत चालते, फक्त तुमच्या दारात चालत नाही. दोष गाडीत आहे की तुमच्यात?"

दोष माझ्यात आहे, असं त्यानं ठरवलं. नवा कॉम्प्रेसर आला आणि त्याच्या चाव्या बंद पडल्या, एवढा पुरावा त्याला पुरला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी काही संन्यासी नाही, पण त्या पापात तरी नव्हतो. तो थेट मालकाकडे गेला. "याच्या कॉम्प्रेसरमधून काहीतरी निघतं, माझा धंदा बसवायला मुद्दाम आणलाय." मालकाला ओळीत भांडण नको असतं, भाडं हवं असतं. त्यानं निरोप धाडला, शनिवारी दुपारी येऊन बघतो. खरं निघालं तर कॉम्प्रेसर बंद कर, ते जमत नसेल तर गाळा खाली कर.

कॉम्प्रेसरशिवाय टायरचं दुकान म्हणजे काय, तर टायरवर बसून माश्या मारणं. मी दोन दिवस तो बंद ठेवून बघितला. हवा भरायला आलेली माणसं परत पाठवली. करंटच्या चाव्या तरीही मेलेल्याच. मी जाऊन सांगितलं तर म्हणाला, "मग दुसरं काहीतरी लपवलं असशील. तुझी जातच पंक्चरवाल्याची, रस्त्यात खिळे पेरणारी." माझा हात उठला होता. शनिवारकडे बघून मी तो खाली घेतला.

शनिवारी बारा वाजता मालक आला. बाईंना करंटनंच बोलावून घेतलं होतं, गाडीसकट. मालक म्हणाला, "मेन स्विच पाड." मी पाडला. माझ्या दुकानात अंधार झाला. बाईंनी चावी दाबली. काही नाही.

"झालं?" मी म्हटलं. "आता बोल."

"खिशात असेल याच्या," करंट म्हणाला. आणि मालकादेखत, बाईंदेखत त्यानं माझे खिसे चाचपले. विड्या, काडेपेटी, एक व्हॉल्वची टोपी. बावीस वर्षांत त्यानं मला लावलेला तो पहिला हात, आणि तोही चोरासारखा. मला वाटलं, याला इथेच आडवा करावा आणि गाळा गेला तर जाऊ दे.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "परवा मात्र चालली होती. मी सव्वाचारला आले होते, तुम्ही दुकानात नव्हता. मी सहज दाबली, तर लगेच उघडली."

"माझीही," मालक म्हणाला. "पण मी नेहमी संध्याकाळीच येतो भाड्याला."

चारनंतर. ते माझ्या डोक्यात नुसतं फिरत राहिलं. चारला आमच्या ओळीत काय होतं? शाळा पाचला सुटते. वीज जात नाही. चारला फक्त वहिनी येते, हातात पिशवी घेऊन, माझ्याकडे बघून मान हलवते आणि जिना चढते.

आणि गेल्याच आठवड्यात तिनं जाताजाता करंटकडे बटणाचा नवा सेल मागितला होता. दीड महिन्यातला दुसरा. तो म्हणाला होता, "एवढं दाबतात कशाला?" ती म्हणाली, "तुम्ही जाता ना वाजली की?" आणि हा म्हणाला, "जातो." मी हे भिंतीपलीकडून ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं.

मी वर बघितलं. खिडकी बंद होती. मग मी त्याच्या दुकानात शिरलो. तो मागून ओरडला, "ए! बाहेर हो!" मी फळीवरची डबी उचलली, धूळ झटकली आणि सॉकेटमध्ये खुपसली.

धून वाजायला लागली.

वाजून संपली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मी म्हटलं, "बाई, दाबा." त्यांनी दाबली. काही नाही. डबी वाजतच होती. मग अचानक थांबली, वर बोट दुखलं असेल. मी म्हटलं, "आता." बाईंनी दाबली आणि टक्कन चारी दारं उघडली. त्यांनी मिटली, पुन्हा उघडली. मग धून पुन्हा सुरू झाली आणि चावी पुन्हा मेली. बिनवायरचं बटण आणि बिनवायरची चावी, दोघांची लहर एकच; वर बटण दाबलेलं असेल तोवर चावीचा इशारा गाडीपर्यंत पोचतच नव्हता.

मालकाला कळलं नव्हतं. "म्हणजे काय? या डबीचं बटण कोणाकडे आहे?"

मी करंटकडे बोट केलं. मला त्याची चामडी सोलायची होती, सगळ्यांसमोर. बोलायला खूप जमवून ठेवलं होतं मी. काखेत कळसा आणि माझे खिसे तपासतोस? दीड महिना बाप बोलावतोय आणि तू मोटारी खोलत बसलास? तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते वेगळंच. "डबी का काढलीस रे?"

तो फळीकडे बघत होता. त्याचा रंग उडाला होता. "तू हसायचास," तो म्हणाला.

एवढंच. मी बावीस वर्षांत त्याचे शंभर झटके खाल्ले असतील, हा बसला तसा एकही बसला नाही. कारण खरं होतं. मी हसायचो, गिऱ्हाइकांना हसवायचो. डबी त्यानं काढली, पण ढकललं मी. आणि काढलेली दिसल्यावर एकदाही जिना चढून बघितलं नाही, कारण मी शब्दाचा पक्का.

तो जिन्याकडे गेला. पहिल्या पायरीवर थांबला. सहा वर्षं ज्याच्याशी शब्द बोलला नाही, त्याच्यासमोर जाऊन काय बोलणार होता? धून चालूच होती. मग तो दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेला. दार वाजल्याचा आवाज आला. खाली डबी मध्येच तुटल्यासारखी थांबली.

बाईंनी चावी दाबली नाही. हातात धरून उभ्याच राहिल्या.

वरून बादलीचा आवाज आला, नळाचा आला. खूप वेळ पाणी वाहत होतं. पलंग सरकवल्याचा आवाज झाला. मालक पुटपुटला, "बरं, मग तुझा कॉम्प्रेसर राहू दे," आणि घाईघाईनं निघून गेला. मी मेन स्विच चढवला. बाहेर एक टेम्पो चार चाकांत हवा भरायला येऊन थांबला होता. मी कॉम्प्रेसर सुरू केला. जिंकलेल्या माणसानं करायचं ते हेच, दुसरं मला सुचलं नाही.

पाऊण तासानं करंट खाली आला. बाह्या कोपरापर्यंत ओल्या, डोळे लाल. खांद्यावर एक चादर होती, धुवायची. तिचा वास मला भिंतीपाशी उभ्या उभ्या आला. तो सरळ माझ्या दारात येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता माफी मागतो की काय. मागितली असती तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही.

"तुझं ते धूड बंद कर," तो म्हणाला. "वर म्हातारा झोपलाय."

टेम्पोची दोन चाकं अजून बाकी होती. मी त्याला एक कचकचीत शिवी घातली आणि कॉम्प्रेसर बंद केला.