ओहोटीपर्यंतचे पाहुणे

रत्नागिरीच्या एसटीत थर्माकोलचा खोका मांडीवर घेऊन बसलेली बाई दिसली, तर ती मी असण्याची शक्यता बरीच आहे. खोक्यात बर्फ, बर्फात बाटल्या, बाटल्यांत खाडीचं पाणी. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे ते तपासायला प्रयोगशाळा हाताशी आहे. कंडक्टर आता ओळखीचे झालेत. "मॅडम, एवढी वर्षां पाणी नेताय, खाडी आटली कशी नाय?" असं एकाने विचारलं होतं. मी म्हटलं, आटली असती तर बरं झालं असतं, निदान कोणी तिच्यात काही सोडलं नसतं.

ही खाडी माझ्या माहेरची. तिच्या वरच्या अंगाला रसायनांचे कारखाने आहेत आणि खालच्या अंगाला माझी काकी. काकीने आयुष्यभर ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या वेचल्या आणि रत्नागिरीच्या बाजारात विकल्या. आमच्या गावच्या तिसऱ्या म्हटलं की गिऱ्हाईक घासाघीस न करता शिंपल्यांचा वाटा उचलायचं. आता गावाचं नाव ऐकताच तेच गिऱ्हाईक पुढच्या पाटीकडे सरकतं. का, ते माझ्या बाटल्या सांगत होत्या. पाण्यात प्राणवायू नसल्यात जमा होता आणि नसायला हवी ती रसायनं मात्र होती. मी सरकारला लिहून पाठवलं की उत्तर यायचं, खाजगी नमुने ग्राह्य धरता येत नाहीत. सहकारी म्हणायचे, कशाला नसत्या भानगडीत पडतेस? माझ्या काकीची खाडी ही यांना नसती भानगड! मी हट्टाने लिहीत राहिले आणि शेवटी एकदाची सरकारी पाहणी ठरली. तीत पाणी स्वच्छ निघालं की तक्रार कायमची बंद, आणि तिच्याबरोबर काकीची पाटीही.

त्याच आठवड्यात काठाला मेलेली मासळी लागली होती. मी गावात निरोप धाडला, साहेब येतील तेव्हा सगळं त्यांना डोळ्यांनी बघू दे. पाहणीच्या दिवशी सकाळी एसटीतून उतरले तर काठ लख्ख झाडलेला. मेलेला एक मासा औषधालाही दिसेना. बायकांनी सगळी मासळी गोळा करून खत म्हणून माडांच्या मुळाशी पुरली होती, आणि वर बंदरावर रांगोळी काढली होती.

"काकी, हे काय केलंस गो?"

"पावणे येनार नि बंदर तसांच घाण ठेवू? गावाची काय लाज हाय का नाय?"

मी कपाळाला हात लावला. स्वतःच्या तक्रारीचा पुरावा झाडून काढून त्यावर रांगोळी घालणारं गाव दुसरं नसेल. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता.

त्यात जीप आली ती नेमकी भर भरतीला. समुद्र आत शिरलेला असतो तेव्हा खाडी अगदी शहाण्यासारखी दिसते. तो मागे सरला की वरून आलेलं तेवढंच उरतं. ही वेळ कोणी ठरवली, ते मी विचारलं नाही. विचारून कोण सांगणार होतं?

साहेब कोकणातलेच, बोलायला मऊ. त्यांनी बाटली भरली, थर्मामीटर बुडवून बघितला आणि म्हणाले, "मॅडम, पाणी तापतंय हल्ली. हवामानबदल. गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो, मासे मरतात."

"ते मी वर्गात शिकवते, साहेब. आधीच तापलेल्या पाण्यात वर विष कशाला, एवढंच माझं म्हणणं आहे. हवामानबदलाला फिनाईलचा वास येत नाही."

"वास तर आत्ताही येत नाहीये."

"ओहोटीपर्यंत थांबा, येईल."

"पुढे अजून कामं आहेत," असं म्हणून ते बाटलीचं बूच घट्ट करायला लागले.

मी काहीतरी वेडंवाकडं बोलणार, एवढ्यात काकी पदर खोचून पुढे आली. "जेवल्याबिगर कसे जाल? पानां मांडल्येत."

कोकणातल्या माणसाची या वाक्यातून सुटका नसते. साहेब घड्याळाकडे बघत बघत पंगतीला बसले. तांदळाची भाकरी आली, तळलेली सुरमई आली, भात आला, पुन्हा भात आला. सोलकढी झाली, नारळाच्या वड्या झाल्या. मग "जरा पाठ टेका" झालं. ड्रायव्हरला तर बायकांनी इतका आग्रह केला की तो पडवीत घोरायला लागला. झोपलेल्या पावण्याला कोणी उठवायचं नाही, अशी काकीने तंबीच दिली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळी ज्या पाहुणचाराने माझा घात केला होता, तोच तिने आता कामाला जुंपला होता.

जेवताना साहेबांनी सहज विचारलं होतं, "या गावात येऊन तिसऱ्या नाहीत पानात?"

सुरमई काकीने रत्नागिरीहून विकत आणवली होती. पाहुण्याला विकतची मासळी वाढायची वेळ तिच्यावर जन्मात पहिल्यांदा आली होती. हात न थांबवता ती म्हणाली, "हायत ना. खाडीत हायत. जेवा सावकाश, मग दावते."

उन्हं कलली तसं पाणी उतरलं. साहेबांनी घोरणाऱ्या ड्रायव्हरकडे बघितलं, खाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना सगळं कळलं होतं. मी नजर खाली घातली नाही. ते उठले, दुसरी रिकामी बाटली घेतली आणि काकीच्या मागून चालू लागले.

वास काठावरच आला. साहेबांनी रुमाल काढला, पण नाकाला लावला नाही, बहुधा बायका बघत होत्या म्हणून. मधल्या ओहोळात तांबूस फेस होता आणि दोन्ही बाजूंच्या चिखलात तिसऱ्याच तिसऱ्या. काकीने वाकून ओंजळभर उचलल्या आणि त्यांच्या हातावर ठेवल्या.

"जिती तिसरी तोंड मिटून असते, साहेब. मेली की उघडते. ह्यातली एक तरी मिटलेली दावा."

त्यांनी खरंच शोधून बघितली. मग ते चिखलात गुडघ्यावर बसले, बाटली भरली आणि तिच्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं: ओहोटी.

अहवाल काय येईल ते मला माहीत नाही. बाटल्या रस्त्यात बदलतात, कागद टेबलांवर झोपतात, हे बघून बघून मी पुरती संशयी झालेय. काकीचं तसं नाही. जीप सुरू झाली तेव्हा तिने ड्रायव्हरच्या हातात वड्यांचा पुडा ठेवला आणि खिडकीतून साहेबांना म्हणाली, "परत या. भरतीला या, कवापन या. जेवायला किती येळ लागंल, तां आमी ठरवू."