साक्षीदार मिळून येत नाही

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. बायको म्हणते, रक्तदाबाची गोळी चालू आहे, तो विषय काढू नका. पण काढल्याशिवाय राहवत नाही.

सातारा-सांगलीच्या हद्दीवरच्या एका ठाण्यात मी नुकताच प्रभारी म्हणून हजर झालो होतो. एका सकाळी विट्याच्या पलीकडच्या दुष्काळी गावातली एक मेंढपाळ बाई आली. दिवाळी झाली की ही बिऱ्हाडं मेंढरं घेऊन आमच्या बागायती पट्ट्यात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. काही वर्षांपूर्वी मेंढरं बांधावर चढली एवढ्याच कारणावरून आमच्या हद्दीतल्या एका गावच्या बड्या आसामीने तिच्या डोळ्यांदेखत तिच्या नवऱ्याच्या डोक्यात कुऱ्हाड घातली होती.

"सायेब, माजी साक्ष कवा हाय?" तिने विचारलं. "बाजारात त्या मानसाला गुलाल लावून फिरवत्यात. विलेक्शन न्हाई, काय न्हाई. मग गुलाल कशाचा, म्हनून इचारायला आले."

मी फाइल मागवली. खटला संपला होता. आरोपी निर्दोष सुटला होता.

गावातले साक्षीदार फितूर झाले होते. ते होणारच होते, त्यांना त्याच गावात राहायचं होतं. खून डोळ्यांनी पाहिलेली ही एकटी, आणि तिच्या समन्सवर शेरा होता, 'साक्षीदार मिळून येत नाही. ठावठिकाणा लागत नाही.' समन्स गेलं होतं तिच्या गावच्या पत्त्यावर, ऐन थंडीत, घराला कुलूप असताना. बाईच्या कमरेच्या पिशवीत मोबाईल होता. त्याचा नंबर जबाबावर होता. एकानेही तो लावून पाहिला नव्हता. सरकारी वकिलांनी शेरा मान्य केला, कोर्टाने पुरावा बंद केला, झालं!

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. "सायेब, ती बाई घावत न्हवती म्हनं? आवं, गेल्या म्हयन्यात तिची मेंढरं तुमच्याच हवालदाराच्या रानात बसली हुती की!"

कोर्टात साक्षीदार हजर ठेवणं हेच ज्याचं काम, त्या पैरवी हवालदाराला मी केबिनमध्ये बोलावलं. चौकशीत मी सहसा आवाज चढवत नाही. माणसाला त्याच्या आवडीच्या विषयावर आणलं की तो आपणहून बोलतो.

"यंदा ऊस लावणार का?"

"व्हय सायेब, रान तयार हाय."

"खत?"

"मेंढरं बसवली की. लय ब्येस खत हुतंय."

"कुणाची मेंढरं?"

माझा रोख त्याच्या ध्यानात आला. तो म्हणाला, "सायेब, बाई वळकीची हाय. पन समन्सवर पत्ता तिच्या गावचा. तिकडच्या ठान्याचा शेरा आला, त्यो मी कोर्टात दिला. आपल्याकडं अशीच पद्धत हाय."

मी कसून चौकशी केली. त्याने आरोपीकडून चहासुद्धा घेतला नव्हता. लाच घेतली असती तर मला बरं वाटलं असतं. लाच खाणाऱ्याला पकडता येतं. या माणसाच्या बायकोने त्या बाईला रोज ताकाचा तांब्या दिला होता आणि तो स्वतः कोर्टात जाऊन 'ठावठिकाणा नाही' सांगून आला होता. त्याला त्यात काही चुकलं असंही वाटत नव्हतं! पुढे त्याला शिक्षा झाली ती फक्त सक्त ताकीद.

अपिलाची मुदत अजून शिल्लक होती. मी थेट सरकारी वकिलांच्या कार्यालयात गेलो. ते म्हणाले, "साहेब, साक्षीदारच नाही तर अपील कशावर करायचं? प्रस्ताव वरती टिकणार नाही."

मी दार उघडून बाईला आत घेतलं. "ही घ्या. मिळून आली."

त्यांचा चेहरा पडला, पण त्यांच्याबद्दल एक चांगलं सांगतो. माझा अहवाल जोडून त्यांनी प्रस्ताव त्याच दिवशी लिहायला घेतला. उच्च न्यायालयाने निकाल रद्द केला आणि तिची साक्ष घेऊन खटला पुन्हा चालवायला सांगितलं. बड्या आसामीचा गुलाल उतरला.

मग त्याच कार्यालयाने कारकून आणि पैरवी अंमलदारांसाठी प्रशिक्षण ठेवलं. मलाही बोलावलं. पडद्यावर अपिलाच्या मुदती, प्रस्तावाचे नमुने सरकत होते आणि मागच्या रांगा पेंगत होत्या. माझी पाळी आल्यावर मी म्हणालो, "ज्यांच्या रानात मेंढरं बसतात त्यांनी हात वर करा." निम्म्या हॉलचे हात वर झाले. "ती मेंढरं कुठल्या महिन्यात कुठं असतात, माहीत आहे?" सगळ्यांना माहीत होतं. "मग समन्स काढताना ही अक्कल कुठं गहाण पडते?"

एक कारकून म्हणाला, "सर, पण फॉर्मवर तसा रकाना नाही."

हॉल हसला. त्यावर मी जे बोललो ते इथे छापता येणार नाही.

खटला पुन्हा उभा राहिला. बाईने साक्ष दिली. कुऱ्हाड कुणी उचलली, घाव कुठं बसला, नवरा पडताना काय म्हणाला, सगळं सरळ सांगितलं. आरोपीचे वकील खवचटपणे म्हणाले, "पहिल्या वेळी कुठं लपला होता?"

"लपायचं काय कारन? मी ह्यास्नी रोज दिसत हुते," बाकावरच्या पैरवी हवालदाराकडे बोट दाखवत ती म्हणाली.

आरोपीला जन्मठेप झाली. या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच, की आमच्याकडे खुनी सुटायला वाईट माणसं लागत नाहीत. आपापलं काम पत्त्यापुरतं करणारी चांगली माणसं पुरतात. याचा राग मी नोकरीभर बाळगला आणि निवृत्तीनंतरही सोडलेला नाही.

निकालानंतर कोर्टाच्या आवारात मी तिला म्हणालो, "झालं बाई, न्याय मिळाला."

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. "सायेब, आज जे बोलले, त्येच मी तवाबी बोलले असते. तवा माजी सासू जित्ती हुती. मरस्तवर इचारत हुती, पोराचं काय झालं."