सोनगीरचा सूर्यास्त
पपईच्या पानांचा कडवट वास आला की मला डेंग्यूतून उठतानाचे दिवस आठवतात. अंथरुणात पडल्या पडल्या मी सोनगीरच्या किल्ल्यावरून सूर्यास्ताचे फोटो काढायचं ठरवत होते. ट्रायपॉड कुठे लावायचा, हायवेवरचे ट्रक फोटोत कुठून येतील, सगळं डोक्यात पक्कं होतं. डॉक्टरांनीही हो म्हटलं. गाडी दारात आली, मी बूट घातले आणि मोठ्या नणंदेने वाट अडवली. "तापमाईन उठेल बाई तिन्हीसांजले गावबाहेर जास का?" मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "आक्कानं बरोबर शे. सूर्य काय, रोजच बुडस." मग ठरवलेली गाडी वाया नको म्हणून माझाच कॅमेरा घेऊन तो मित्रांबरोबर गेला. फोटोत सूर्याकडे पाठ करून सगळे उभे, तोंडं काळी ठिक्कर. त्यानंतर मी सोनगीरचं नाव काढलं की "एकदा झालं ना जाऊन" एवढंच उत्तर मिळायचं. आज ताप त्याला आहे. पानांचा रस मीच काढून पाजला, आक्कांना त्याच्या उशाशी बसवलं आणि कॅमेरा गळ्यात अडकवला. "कोठे चालनी?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "सूर्य बुडस का नही, देखी येस."