जिन्याखालचे गोचीड

काशीतल्या मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या गल्लीत हा किस्सा मी तीन वर्षं सांगते आहे, आणि समोर काका बसलेले असले की जरा जास्तच रंगवून. राग मात्र रंगवावा लागत नाही. तो अजून ताजा आहे.

आमची शेळी जिन्याखाली राहायची. थंडीत इथल्या शेळ्या माणसांचे जुने कपडे घालून हिंडतात. आमच्या शेळीच्या अंगात माझा गुलाबी स्वेटर होता, पुढचे पाय बाह्यांत घातलेले. दिवाळीनंतर चढवलेला तो स्वेटर मी थेट होळीच्या तोंडावर उतरवला. ही चूक माझी. काखेत, कानांत, शेपटीखाली गोचीडच गोचीड. काही तिळाएवढे, काही रक्त पिऊन एरंडाच्या बीएवढे टम्म. शेळी गाभण होती आणि पाला समोर धरला तरी तोंड फिरवत होती.

गुरांच्या डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून दाखवली. आत लाल असायला हवं, ते कागदासारखं पांढरं होतं. रक्त असंच जात राहिलं तर करडू जाईल, कदाचित तीही, असं ते म्हणाले. गाभण शेळीला चालणारं औषध त्यांनी वजनाच्या अंदाजाने पाठीवर ओतलं. उरलेले मोठे गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचे आणि साबणाच्या पाण्यात टाकायचे. रॉकेल लावायचं नाही, उदबत्तीचा चटका द्यायचा नाही.

ओढायचं काम काकांकडे गेलं. माझे हे चुलते जन्मभर पौरोहित्य केलेले; हात एकदम स्थिर. रोज सकाळी पूजा आटोपली की ते चिमटा घेऊन जिन्याखाली बसत.

आठ दिवसांनी पाहते तर शेळी पुन्हा तशीच भरलेली. मी औषधाला नावं ठेवली, डॉक्टरांना ठेवली, मग समोरच्या बाईंच्या बोकडामुळेच हे झालं म्हणून त्यांच्या दारात जाऊन भांडले. त्यांची माफी अजून मागायची आहे.

दुसऱ्या दिवशी कामावर जायला उशीर झाला म्हणून मला दिसलं. काकांच्या तळहातावर बेलाचं पान, पानावर वळवळणारे गोचीड. ते एकेक अलगद उचलून जिन्याखालच्या भिंतीच्या भेगेत ठेवत होते. शेळीपासून दीड हातावर.

"काका, काय चाललंय?"

"काशीत आपल्या हाताने जीव कशाला मारायचा? आणि बाहेर उन्हात तडफडतील गं. सावलीत ठेवतो."

माझा आवाज घाटापर्यंत गेला असेल. "काशीत मेलं की मुक्ती, असं यजमानांना तुम्हीच सांगता ना? मग ह्यांनाच का अडवून धरलंय?"

काका उठले, हात धुतले, आणि चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बरं झालं. तेवढ्यात मी शेळी दारात बांधली, जुनं गवत जाळलं, भेग खरवडून त्यात चुना भरला. डॉक्टरांनी दिलेलं फवारणीचं औषध भिंतीवर मारलं. त्यांनी ठरवून दिलेल्या दिवशी शेळीच्या पाठीवरच्या औषधाचा दुसरा डोसही झाला.

पाचव्या दिवशी काकांनी आपणहून साबणाच्या पाण्याची बरणी घेतली. एकेक गोचीड आत सोडायचा आणि वाकून त्याच्यासाठी रामनाम पुटपुटायचं. गल्लीतल्या बायका बघायला जमल्या, गुरुजी केवढे दयाळू म्हणू लागल्या. समोरच्या बाई सगळ्यांत पुढे. राग उतरायचा तो आणखी चढला.

पण रोज पापणी ओढून बघायचे तेही काकाच. फिक्कट गुलाबी झाली तेव्हा त्यांनी मला हाक मारली. चार दिवसांच्या अबोल्यानंतरही पुढे तुटकच चाललं होतं. ती पहिली नीट हाक.

करडू झालं तेव्हा सगळे नर की मादी ते विचारत होते. काकांनी आधी त्याचे ओले कान उलटून पाहिले, मग काखा, मग शेपटी. थंडी आली तेव्हा मी त्याच्यासाठी जुनी बनियन काढली.

"दर रविवारी काढून बघायची," काका मला म्हणाले. मला!