डोळ्याला मार्क नाहीत

पलूसच्या बिरदेवनं तीस वर्षांत शेकड्यानं पत्र्याच्या शेड उभ्या केल्या. एकीचंही छत परत उतरवावं लागलं नाही, हे तो कुणी न विचारता सांगतो. पुढं गुडघे बोलायला लागले आणि त्याला जमिनीवरचं काम हवं झालं. गावातल्या एका खासगी प्रशिक्षण केंद्राला वेल्डिंग शिकवायला माणूस हवा होता. केंद्राची शेड बिरदेवनंच बांधलेली. व्यवस्थापकांनी तिच्याखालीच त्याला चहा पाजला आणि दहावी पास नसेल तर घेता येत नाही, असं सांगितलं. ऑगस्टपर्यंत जागा ठेवतो म्हणाले.

एकोणपन्नासाव्या वर्षी बिरदेवनं दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. मार्चला बाकीचे विषय निघाले, गणित राहिलं. उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. भिंतीपासून सहा फुटांवर पाय रोवून आठ फूट उंचीला टेकवलेली शिडी किती लांब, असा प्रश्न होता. त्याखाली बिरदेवनं ‘दहा फूट’ एवढंच लिहिलं होतं. तीनपैकी एक गुण. सगळ्या पेपरभर हीच कथा.

अकरावीतली लेक सोनिया शिकवायला बसली. ती प्रश्न वाचून संपवायच्या आत तो उत्तर सांगायचा.

“आवं आप्पा, उत्तर कुणी मागितलंय? कसं काढलं ते लिवा.”

“डोळ्यानं काढलं.”

“डोळ्याला मार्क न्हाईत.”

जुलैत पुन्हा शिडीच आली. बिरदेवनं पट्टीनं आकृती काढली, पायथागोरसचं प्रमेय लिहिलं, बरोबरच्या चिन्हाखाली बरोबरचं चिन्ह ठेवत छत्तीस आणि चौसष्टची बेरीज शंभर केली. तेवढ्यात घंटा झाली. घाईत शंभराचं वर्गमूळ काढायचं सोडून त्यानं निम्मे केले. शिडी पन्नास फूट झाली.

गणितात अडतीस पडले. तो पास झाला. पुन्हा मागवलेल्या प्रतीत पन्नास फुटी शिडीला तीनपैकी अडीच गुण होते.

“सहा-आठाला पन्नास?” सोनियानं प्रत पुढं धरली. “कामावर असतं तर?”

“कामावर पायऱ्या कोण लिवतंय?” बिरदेव म्हणाला आणि प्रमाणपत्र घेऊन केंद्राकडं निघाला. व्यवस्थापकांनी ते न वाचताच फायलीत लावलं.

पहिल्याच दिवशी अर्फा नावाच्या मुलीनं छताचा तिरका पाइप किती फुटांवर कापायचा ते नुसतं बघून सांगितलं. बरोबर होतं. बिरदेवनं तिला फळ्यावर पायऱ्या मांडायला लावल्या. ती मांडेपर्यंत त्यानं पाइप कापून ठेवला.