काकूंचं 'ऊन' आणि लेडी पाम

भुसावळच्या काकू हिंदी अशा थाटात बोलत, की ऐकणाऱ्याला आपलीच हिंदी कच्ची वाटावी! शब्द अडला की तिथे मराठी शब्द ठणकावून देत आणि पुढे जात. दोन हजार चार-पाचच्या सुमारास जयपुरात, बनी पार्कजवळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये त्या आमच्या शेजारी होत्या. काका गार्ड होते.

बदलीच्या सामानात त्यांनी लेडी पामची कुंडी आणली होती. बांबूसारख्या बारीक काड्या, पंजासारखी पानं, बुंध्याशी नवनवे फुटवे. सावलीतलं झाड ते. दुर्गापुऱ्याचा नर्सरीवाला म्हणाला, "माताजी, हमारी लू में ये नहीं बचेगा." झालं! चाळिशीतल्या बाईला माताजी म्हणतो म्हणजे काय! "कसा जगत नाही, बघतेच मी," काकू म्हणाल्या. तेव्हापासून तो पाम त्यांच्या इज्जतीचा सवाल झाला.

उत्तरेच्या व्हरांड्यात कुंडी, पुढ्यात ओलं गोणपाट. नळाच्या खारट पाण्याने पानांची टोकं करपतात म्हणून पिंपात साठवलेलं पावसाचं पाणी. काका कुरकुरायचे, "मला चहासुद्धा इतका वेळेवर मिळत नाही."

"तुम्हाला फुटवे येतात का?" काकू विचारायच्या.

मे महिन्यात त्या लग्नाला भुसावळला निघाल्या. समोरच्या भाभीजींच्या हातात कुंडी देऊन बजावलं, "इसको ऊन बिलकुल मत लगने देना. ऊन लगा तो मरेगा वो!"

हिंदीत ऊन म्हणजे लोकर. भाभीजी बारा महिने ऑर्डरचे स्वेटर विणत. घरात जिकडेतिकडे लोकरीचे गुंडे. बिचारीने कुंडी उचलून अंगणात ठेवली, भर उन्हात! आणि रोज सकाळ-संध्याकाळ इमानाने पाणी घातलं.

पंधरा दिवसांनी काकू आल्या, तर पानांचे पापड झालेले. भाभीजी अभिमानाने म्हणाल्या, "दीदी, ऊन का एक धागा भी नहीं छूने दिया!"

मला तर रडूच फुटलं. काकू मात्र पोट धरून हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मग बुंधा नखाने खरवडून म्हणाल्या, "हिरवा आहे गं! अजून हरले नाही मी."

करपलेलं सगळं कापून कुंडी पुन्हा सावलीत गेली. श्रावणात एका सकाळी काकूंची आरोळी आली, "पाच फुटले गं, पाच!" अख्ख्या क्वार्टरमध्ये शिरा वाटला त्यांनी.

दोन वर्षांत पाम काकांच्या खांद्याला लागला. मग बदलीची ऑर्डर आली. काकूंनी एक फुटवा स्वतःसाठी काढला आणि बाकीचं अख्खं बेट भाभीजींच्या व्हरांड्यात नेऊन ठेवलं.

"ना दीदी, मुझसे फिर गलती हो गई तो?" भाभीजी मागे सरकल्या.

"अहो, वो आपके ही पानी से बचा," काकू म्हणाल्या. "हम दोनों ने मिलके जिंकाया उसको!"